बोटीवरची किटली

आमच्याकडे स्टीलची एक जुनी किटली आहे. बसकी, जाड बुडाची, खाली रुंद आणि वर निमुळती. माझे सासरे, अण्णा, तरुणपणी विलायतेला जाणाऱ्या प्रवासी बोटीवर वाढपी होते. बोट मोडीत निघाली तेव्हा तेवढी किटली त्यांनी मागून घेतली.

कितीही धक्का लागला तरी ती कलंडत नाही. ज्या कुणी ती घडवली, त्याने पायाखालची जमीन हलणारच हे आधीच धरलं होतं. फडताळातली आमची बाकीची भांडी त्या मानाने फारच निर्धास्त उभी असतात.

अण्णा सांगायचे, वादळाची खबर कप्तानाकडून आधी त्यांच्याकडे यायची. मग ते जेवणाच्या टेबलांवरची कापडं पाण्याने भिजवायचे, म्हणजे भांडी घसरत नाहीत. समुद्र तेव्हा शांतच असायचा. एखाद्या बाईने विचारलंच, तर हसून सांगायचं, "काही नाही, जरा वारा सुटेल."

परवा सकाळी अण्णा तपासणीचा रिपोर्ट आणायला एकटेच गेले आणि एकटेच परत आले.

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"काही नाही गं, जरा अशक्तपणा आहे," ते हसून म्हणाले. "बस तू. आज चहा मी करतो."

थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. टेबलावर किटली वाफाळत होती. खिडकीबाहेर पानही हलत नव्हतं. मी खुर्ची ओढली, टेबलावर हात टेकला, आणि तो तसाच राहिला. कापड चारी कोपऱ्यांपर्यंत ओलं होतं.