बशीतला वारा

नागपुरात बसून समुद्राचं काम करते म्हटलं की लोक हसतात. "काहून वं, फुटाळा तलावात वादळ येऊन राहिलं का?" असं आमच्या धरमपेठेतल्या शेजारीणबाई भाजी घेताना हमखास विचारत. मी चिडायचे. चक्रीवादळ किनाऱ्याला लागताना पाणी किती चढेल, गावात कुठपर्यंत शिरेल, याचं गणित मी संगणकावर मांडते. त्याला समुद्र खिडकीबाहेर असावा लागत नाही. पण हे कोणाकोणाला सांगणार?

बाबांना मात्र एकदाच सांगावं लागलं. सगळी नोकरी वीजकेंद्रात, कोळशाच्या धुळीत काढलेला माणूस. समुद्र कधी पाहिलेला नव्हता. चहा बशीत ओतून फुंकर मारत प्यायचा, ही त्यांची रीत. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही फुंकता तेव्हा चहा पलीकडच्या काठाला चढतो ना? वारा समुद्राला तसंच करतो."

त्यांनी लगेच कपात फुंकून पाहिलं. "इथं काहून नाही चढत?"

"कप खोल आहे. किनारा बशीसारखा उथळ असला की पाणी जास्त चढतं."

मग लाटांचंही सांगितलं. लाटांनी पाणी खडबडीत झालं की वाऱ्याला त्यावर जास्त पकड मिळते, आणि किनाऱ्याशी फुटताना लाटा पाणी आणखी पुढे रेटतात. नुसता वारा धरला आणि लाटा सोडल्या, तर उत्तर कमी येतं आणि माणसं गाफील राहतात. शेवटचं वाक्य त्यांना लागलं असावं, कारण बशी खाली ठेवून त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. त्यानंतर रोज चहाला बशी माझ्यापुढे धरायचे. "हे पाह्य, आलं तुहं वादळ!" आणि शर्टावर चहा सांडून आईची बोलणी खायचे.

पुढे त्यांची फुप्फुसं थकली. रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, नळी लावून. त्यांना समुद्र दाखवायला न्यायचं ठरलं होतं, तेही राहिलं. मी माझं टेबल त्यांच्या पलंगाजवळ आणलं. एका बाजूला ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर, दुसऱ्या बाजूला संगणकाच्या पडद्यावर माझा वारा. मला त्या वाऱ्याचा संताप यायचा. तिकडे एवढा वारा फुकट चालला होता आणि इथे माझ्या बापाला एक श्वास पुरत नव्हता.

त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरात वादळ उठलं. दुपारी आमच्या गटाचं उत्तर आलं: पाणी बांधावरून आत येणार. आम्ही ते लगेच तिथल्या अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या संध्याकाळी बाबांनी चहा मागितला, बशीतच. आईने बशी ओठांशी धरली. त्यांनी फुंकर मारली. चहा हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली. तरीही नाही. आम्ही तिघांनीही ते पाहिलं.

"आज हवाच पडली वं," ते हसून म्हणाले.

मी तोंड फिरवून रडले. त्यांना ते कळलंच. "रडतं काहून? ये, तू फुक." मी समोर बसून फुंकर घातली. चहा त्यांच्या बाजूच्या काठाला चढला आणि ते तिथून दोन घोट प्यायले. मग विचारलं, "तिकडले लोक निंघाले का?"

"निघाले, बाबा. गावं रिकामी झाली."

"मंग झालं," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

वादळ ओसरलं त्याच्या दुसऱ्या सकाळी ते गेले. पाणी आम्ही सांगितलं होतं तिथपर्यंतच आलं होतं आणि त्या गावांत कोणी नव्हतं. कौतुकाचे फोन येत राहिले. मी एकही उचलला नाही.

पाहुणे पांगल्यावर आईने सवयीने तिघांचा चहा केला. एक बशीत ओतून त्यांच्या जागेपुढे ठेवला, आणि मग तिच्या लक्षात आलं. ती बशी उचलायचा धीर आम्हा दोघींनाही झाला नाही. बसून राहिलो. चहा आपोआप निवला.