लारूसीची शपथ आणि तिजानीची सायकल

"तुझं चाक माझ्या बागेत पुन्हा फिरलं, तर माझ्या घरची भाकर मला हराम," असं लारूसी म्हणाला, तेव्हा तेलाच्या घाण्यावर निम्मं गाव जमलेलं होतं. मी पोत्यांच्या थप्पीआड माझी पाळी यायची वाट बघत उभी होते. कान देऊन ऐकायची काही गरजच नव्हती. लारूसीचा आवाज नदीपलीकडच्या गाईंनीही ऐकला असेल.

तिजानीचा गुन्हा असा, की आदल्या हिवाळ्यात त्यानं हिरवी कोरी सायकल घेतली आणि लारूसीच्या बागेत जैतूनाची तोड चालू असताना, झाडांखाली चादरी अंथरलेल्या असताना, तो शेजारून भरधाव निघून गेला. थांबला नाही, 'अल्ला बरकत देवो' म्हणाला नाही, फांदीला हात लावला नाही. आमच्याकडं तोडीवरून असं मुकाट कुणी जात नाही. उतरायचं, बरकत मागायची, मूठभर फळ तोडून चादरीवर टाकायचं, मग आपल्या वाटेला लागायचं. न बोलता गेलेल्याची नजर झाडाला चिकटते म्हणतात. आणि पुढच्या साली लारूसीच्या झाडांना खरंच काही लागलं नाही.

आता जैतूनाचं झाड एक साल देतं आणि एक साल दम खातं, हे घाण्याच्या गाढवालाही ठाऊक होतं. लारूसीलाही होतं. पण रागावलेल्या माणसाला ठाऊक असलेल्या गोष्टींचा काय उपयोग?

तिजानी खाली मान घालून एवढंच म्हणाला, "लारूसीदादा, सायकल नवी होती. थांबवायची कशी ते अजून येत नव्हतं."

लोक हसले, आणि तिथंच बिघडलं. चारचौघांत घेतलेली शपथ एक वेळ गिळता येते, चारचौघांनी हसून ऐकलेली येत नाही.

तेव्हापासून तिजानी थांबायला शिकला, आणि असा शिकला की याला चालवायला येतं की नाही अशी शंका यावी. धंदा त्याचा झाडं छाटायचा. करवत पाठीला बांधून मजर्दे नदीच्या काठानं या बागेतून त्या बागेत जायचा. वाटेत कुठं चादर अंथरलेली दिसली की पाय टेकला. बरकत मागायची, मूठभर तोडायचं, दोन गोष्टी बोलायच्या. तोडीच्या दिवसांत सासुरवाडीला निघाला की जेवण गार होऊन पुन्हा गरम व्हायचं. त्याची बायको मबरूका नळावर सांगायची, "आमचे धनी खमीर आणायला गेलेत. येतील हो, बदामाला फुलं आली की."

गावाकडून जुन्या दगडी पुलाला जाणारी सपाट, सावलीची वाट लारूसीच्या बागेतूनच जाते. पायी जाणाऱ्याला मनाई नव्हती. पण सायकल ढकलत नेली तरी चाक फिरतंच ना! म्हणून पुलाकडं जायचं झालं की तिजानी वळसा घालून ट्रकच्या रस्त्यानं जायचा. ईदला लारूसीच्या दारात जाऊन मुबारक म्हणायचा, लारूसी भिंतीकडं बघून उत्तर द्यायचा. भिंतीला किती मुबारक मिळाल्या असतील, देव जाणे.

म्हातारपणी तिजानीचे गुडघे बोलायला लागले, झाडावर चढणं सुटलं. त्याच सुमाराला ट्यूनिसची एक मास्तरीण, ओल्फा नावाची, चार मैत्रिणींबरोबर सायकलनं नदी बघायला आली आणि सरळ वाट सोडून आमच्या चिखलात रुतली. तिजानीनं तिला बाहेर काढलं, आपल्या चालीनं दिवसभर फिरवलं, आणि घरी नेऊन मबरूकाच्या हातचा बसीसा खाऊ घातला. भाजलेल्या जवाचं पीठ तेलात कालवून, वर खजूर. ती बाई पुढच्या महिन्यात दहा जणांना घेऊन आली. मग येणं लागूनच राहिलं. माणसं फिरवण्याचे पैसे द्यायची, तिजानीच्या घरात सामान यायचं, आणि मबरूकाच्या तोंडात जरा गोड शब्द यायचे. म्हातारा-म्हातारीचं त्यावर छान चाललं होतं.

शहरातली माणसं पहिल्या तासाला घड्याळात बघायची. एकानं विचारलं, "तिजानीकाका, पूल किती लांब?" तिजानी म्हणाला, "पूल कुठं पळून जात नाही. तूच पळायला लागलास." दुपारपर्यंत तो माणूस डाळिंबाच्या झाडाखाली पालथा झोपलेला.

पण त्या सगळ्यांना पूलच बघायचा असायचा, आणि पुलाला ट्रकच्याच रस्त्यानं जावं लागायचं. अलीकडं टोमॅटोचा नवा कारखाना झाला, तसे ट्रक वाढले. एका उन्हाळ्यात एका ट्रकच्या वाऱ्यानं ओल्फाबाई खड्ड्यात गेली आणि तिचं कोपर मोडलं. बातमी ट्यूनिसला पोचली. माणसं यायची थांबली.

मबरूकानं नवऱ्याला सांगितलं, लारूसीच्या पाया पड, बागेतली वाट माग, नाहीतर ही सायकल विकून कोंबड्या घेऊ. तिजानी म्हणाला, मागून काय होणार? त्याचं मन वळलं तरी शपथ थोडीच वळते? दिलीच त्यानं वाट, तर त्याची भाकर हराम होईल ती माझ्यापायी. एकदा माझ्यापायी झाडं गेली म्हणतो, आता भाकरही जाऊ दे काय?

त्या हिवाळ्यात लारूसीची झाडं इतकी लगडली की फांद्या जमिनीला टेकल्या. आणि तोडायला माणूस मिळेना. मुलगा इटलीत, मजूर मोठ्या बागांनी आधीच धरलेले. लारूसी या वयात शिडीवर, बायको शादलिया आणि सून खाली, आणि शेजारीण म्हणून मी फळातली पानं निवडायला. डोंगरावर ढग काळे झालेले. दोन दिवस पाऊस पडला असता तर फळ चिखलात, आणि चिखलातल्या फळाचं तेल दिव्यालाही चालत नाही.

नेमकी त्या सकाळी ओल्फाबाई बऱ्या झालेल्या हातानं काही जणांना घेऊन आली होती. पूल नाही तर नाही, काका, गावाजवळच फिरवा म्हणाली. ते लारूसीच्या बांधावर आले. तिजानीनं चादरी बघितल्या आणि सवयीनं त्याचा पाय टेकला. मग तो कुठं उभा आहे हे त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण तो बराच वेळ तसाच राहिला. शेवटी त्यानं सायकल बांधाला टेकवली, बाकीच्यांनाही टेकवायला लावली, आणि पायी आत आला.

"अल्ला बरकत देवो, लारूसीदादा."

लारूसी शिडीवरून खाली बघेना. शादलियानं माझ्याकडं बघितलं, मी पानांकडं. तिजानीनं हात वर करून एक फांदी ओढली आणि मूठभर फळ चादरीवर टाकलं. रिवाज झाला. आता तो गेला असता तरी चाललं असतं, पण तो दुसऱ्या फांदीला लागला.

तेव्हा वरून बकऱ्याच्या शिंगांची टोकं खाली पडली, बोटांत घालून फांदी विंचरतात ती.

"शिंगं घाल," लारूसी म्हणाला. "नखांनी काय डोकं खाजवतोयस?"

मग शहरची ती सगळी मंडळी कामाला लागली. फळापेक्षा पानंच जास्त पाडत होती, आणि ती निवडायला मी होतेच. एकानं सायकलची टोपी डोक्यावरून काढलीच नाही. लारूसीनं विचारलं, "याला काय जैतून डोक्यात पडून मरायची भीती आहे?" दुपारनंतर लारूसी शिडीवरून उतरला आणि पुन्हा चढला नाही, नुसत्या चुका काढत बसला. पाऊस आला तेव्हा पोती घाण्यावर पोचली होती. कोपऱ्यातलं एक झाड राहिलं, ते पाखरांनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी लारूसी तिजानीच्या दारात. वाट द्यायची आहे म्हणाला, पण शपथ गळ्यात अडकली आहे. इमामानं उपाय सांगितला, आपल्या धर्मात आहे तोच: दहा गरिबांना पोटभर जेवू घाल, शपथ सुटेल.

आता आमच्या गावात दहा गरीब शोधून दाखवा. लारूसी ज्याच्या दारात जाई तो म्हणे, गरीब मी नाही, शेजारचा बघ. एकजण तर महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. मबरूका म्हणाली, "घरी मोटार असून सायकलनं फिरतात, त्या ट्यूनिसवाल्यांना जेवू घाला. त्यांच्याहून गरीब कोण?" इमाम हसला, पण ते काही चालेना. शेवटी तोड संपल्यावर खाली राहिलेलं फळ वेचायला डोंगरातल्या बायका येतात, त्यांना लारूसीनं बसवलं. शादलियानं मटण घालून रव्याच्या कण्यांचा कुसकुस केला. बायकांनी भरपेट खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

त्याच दिवशी संध्याकाळी तिजानी सायकल घेऊन बांधापाशी आला आणि पुन्हा थबकला.

"आता काय, गाढवाकडून ढकलून घेऊ?" लारूसी म्हणाला.

तिजानी बसला आणि गेला, पुलापर्यंत, सावलीसावलीनं. त्या वसंतात माणसं पुन्हा यायला लागली, ती अजून येतात. लारूसी असेपर्यंत बांधावर खुर्ची टाकून बसायचा आणि जो उतरला नाही त्याला दम भरायचा. तोड असो नसो.

त्या सालापासून आपल्या परसातल्या झाडाच्या पहिल्या घाण्याच्या तेलाची बाटली तिजानी लारूसीच्या घरी नेऊन द्यायचा. लारूसी गेला, बाटली जातच राहिली. परवाच्या हिवाळ्यात मबरूका म्हणाली, गुडघे असे, कुणाच्या तरी गाडीतून पाठवा. तो म्हणाला, गाडीत तेल घाबरतं. ती त्याची शेवटची खेप होती, पण तेव्हा कुणाला काय ठाऊक! बाटली फडक्यात गुंडाळून त्यानं दांड्याला टांगली. बागेत लारूसीची सून तोड करत होती. तिजानी उतरला, बरकत मागितली, मूठभर तोडून चादरीवर टाकलं, तिच्या नवऱ्याची इटलीतली खबर विचारली. घरी शादलियानं तेल काढून घेतलं. बाटली रिकामी परत द्यायची नसते, म्हणून तिनं नारिंगाच्या फुलांचं पाणी गळ्यापर्यंत भरलं. तिजानी कुरकुरला, एवढं भरतात का, वाटेत सांडेल. मग सायकलवर बसून, सांडू नये म्हणून आणखीच हळू, घरी गेला.