आमचे मावशी

"हसवायला जाऊ नको. चिड." कुणालाही काही शिकवायचं झालं की आमचे मावशी एवढंच सांगत आणि तंबाखू मळायला लागत. तंबाखू मळून होईपर्यंत समोरच्यानं शिकून घ्यावं, अशी त्यांची अपेक्षा.

"आमचे मावशी" ही छपाईची चूक नाही. मावशी म्हणजे नांदेडजवळच्या लोह्याकडचा पावणेसहा फुटी गडी. पहाडी आवाज, पायात दहा नंबरची चप्पल. आमच्या कलापथकात तीस वर्षं ते लुगडं नेसून मावशीचं सोंग करत होते. असलं पथक तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. शाळेच्या ओट्यावर ढोलकी, पेटी, पाच-सहा माणसं आणि सरकारनं ठरवून दिलेला विषय. हात धुवा, संडास बांधा, हुंडा घेऊ नका. आता हात धुवा हे ऐकायला काळं कुत्रंसुद्धा येत नाही. लोक यायचे ते मावशी बघायला. हुंड्यावर बोलता बोलता मावशी सरपंचाच्या पोटावर घसरायचे, सगळ्यात जास्त सरपंचच हसायचा, आणि कार्यक्रम यशस्वी झाल्याच्या कागदावर आम्हाला लगेच सही मिळायची.

पथकात त्यांचं नाव कुणी घेत नसे. नांदेडच्या ऑफिसातला एखादा नवा कारकून फोन करून विचारी, मावशी आहेत का? हे खर्जात सांगत, "बोलून राहिलो." पलीकडून फोन बंद व्हायचा. हे शांत बसून राहत. दोन मिनिटांनी तो पुन्हा करायचाच.

मी पथकात आले ती मागे उभं राहून गायला. पण डोळा सगळा मावशींच्या कामावर. हे सगळं कुणाकडून शिकलात, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, शिकवत कुणी नाही, चोरावं लागतं. मग एकेक माल काढून दाखवला. डोळे फिरवणं तरुणपणी एका सोंगाड्याकडून उचललेलं; त्याचे कपडे महिनाभर धुतले, तेव्हा कुठं त्यानं जवळ बसू दिलं. नाक शिंकरणं एका हेडमास्तरांचं. खोकला आमच्या पेटीवाल्याचा, आणि तो समोरच बसलेला. पेटीवाल्याला राग आला, तो भांडायला उठला आणि नेमका तसाच खोकला.

"आणि चाल?" मी विचारलं. कारण खरी मावशी होती ती चालीत. डावा हात कमरेवर, मान ताठ, टाचा आपटत यायचं आणि लोकांकडे पाठ करून भिंतीशी बोलायचं. मीठ जास्त पडलं, एवढ्याशा गोष्टीवरून भिंतीला दहा मिनिटं फैलावर घ्यायचं. लोक हसून हसून गडबडा लोळायचे. पण चालीचं नाव काढलं आणि मावशी तंबाखू थुंकायला उठून गेले, ते परत येऊन भलतंच काहीतरी बोलायला लागले.

ढोलकीवाल्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, अगं, ती बायकोची चाल आहे. लग्न झालं त्याच वर्षी कुणा शेजारणीनं घरी जाऊन कळ लावली होती, तुझा नवरा तुझी नक्कल करून गाव हसवतो म्हणून. तेव्हापासून बाईंनी एक कार्यक्रम पाहिला नाही. मोबाइल आल्यावर कुणी व्हिडिओ दाखवायला गेलं, तर उठून आत जायच्या. संसार झाला, लेकरं मोठी झाली, पण मावशीचा विषय घरात निघत नव्हता. हे ऐकून मला त्यांचा रागच आला. घरच्या बाईची अशी शोभा करतं का कुणी?

दोन वर्षांपूर्वी मावशींची आई गेली, नव्वदी ओलांडून. तेरा दिवसांनी हे डोक्याचा गोटा करून परत आले. इस्लापूरला एक कार्यक्रम केला, आणि गाडीत बसताना म्हणाले, गुडघे गेले, आता होत नाही. लुगडं माझ्या मांडीवर टाकलं. आमच्या पथकप्रमुखानं कपाळाला हात लावला. त्याचं म्हणणं, मावशी बाईनंच केली तर ती मावशी कसली, ती नुसती बाई झाली.

आणि मेल्याचं बरोबर निघालं की! किनवटकडच्या पहिल्याच गावात मी कंबर हलवली, डोळे फिरवले, दोनदा मुद्दाम पडले. लोक असे बघत होते, जणू मी खरंच कुणाची तरी मावशी आहे आणि मला बरं वाटत नाहीये. पुढच्या रांगेत आमचे मावशी शर्ट-पँट घालून बसले होते. त्यांनी जांभई दिली. चांगली आ वासून, आवाज काढून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचं लुगडं माझ्या मांडीवर फेकतोस आणि वर जांभया देतोस? पाठ केलेले संवाद गेले उडत, मी त्यांचीच बिनपाण्यानं केली. आधी एक म्हातारी हसली, मग तिच्या मागची रांग, मग सगळं पटांगण.

खाली उतरल्यावर ते म्हणाले, "आत्ता आलीस. मावशीला हसू येत न्हाई बाई, राग येतो. अन् राग खरा पाहिजे."

पुढची दोन वर्षं त्यांनी मला तयार केलं. चालसुद्धा दिली, टाचेपासून मानेपर्यंत, हातचं काही न राखता. मी एकदा म्हटलं, घरी काकूंना विचारायला नको का? तर म्हणाले, "घरी इचारू नको." एवढंच. पण त्या दिवसापासून प्रत्येक टाळी मला टोचायला लागली. कधी न पाहिलेल्या बाईच्या जिवावर मी हशा मिळवत होते.

या उन्हाळ्यात मावशी गेले. चहा पिता पिता गेले. कपातला थेंब सांडला नाही, असं ढोलकीवाला मोठ्या अभिमानानं सांगतो. तेराव्याला आम्ही सगळे लोह्याला गेलो. मी मनाशी ठरवूनच गेले होते. काकूंना विचारायचं. त्या नको म्हणाल्या, तर मावशी त्या दिवसापासून बंद, मग पथकाचं काय व्हायचं ते होवो.

काकूंना पाहिलं आणि मी गोंधळले. बारीकशी बाई, दबक्या पावलांनी चालणारी, बोलल्या तरी शेजारच्याला ऐकू जाऊ नये. त्यांच्यात मावशी शोधून सापडेना. आतल्या खोलीत दोघीच होतो, तेव्हा मी धीर करून सगळं सांगून टाकलं. तुमची चाल मी करते, तुम्हाला नको असेल तर आजच सोडते, म्हटलं.

"कर," त्या म्हणाल्या. "बघू दे तर मला, लोक काय हसत होते ते."

आता तेराव्याचं घर. बाहेर मांडवात पुरुषांची पंगत बसलेली. पण लाज असती तर मी ह्या धंद्यात आले असते का? मी पदर खोचला. डावा हात कमरेवर ठेवला, टाचा आपटत गेले, काकूंकडे पाठ केली आणि कॅलेंडर टांगलेल्या भिंतीला मिठावरून झापायला सुरुवात केली.

मागून काही आवाज येईना. तेवढ्यात काकूंची धाकटी जाऊ भाजीचं पातेलं घेऊन दारात आली. मला पाठमोरी पाहिलं, पातेलं खाली ठेवलं आणि झटकन डोक्यावर पदर ओढून भिंतीला लागून उभी राहिली.

"बघितलंस का ग?" काकू तिला म्हणाल्या. "ही तर आपली सासू."

"हाव," जाऊ म्हणाली. "मीठ बी तेच."

मग दोघींच्या बोलण्यातून मला कळत गेलं. म्हातारीनं इतक्या वर्षांत काकूंच्या तोंडाकडे बघून एक शब्द काढला नव्हता. जे बोलायचं ते भिंतीला सांगायची आणि काकूंनी ऐकायचं. नवऱ्यानं आईपुढं कधी ब्र काढला नाही. समोर असला तरी खाली मान घालून जेवायचा. आई गेल्यावर लगेच मावशींचे गुडघे का गेले, ते माझ्या आत्ता लक्षात आलं.

"मी हितं रुसून बसले," काकू म्हणाल्या, "अन् हे माझी बाजू घेऊन गावोगाव हिंडून राहिले होते. एका शब्दानं सांगितलं न्हाई मला."

मला वाटलं, आता रडतात. पण त्यांनी जावेकडे पाहिलं, जावेनं त्यांच्याकडे, आणि दोघी फिसकन हसल्या. मग थांबवता येईना. तोंडात पदराचे बोळे कोंबून, एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत सुटल्या. बाहेर मांडवात वाटलं, बायकांना पुन्हा उमाळा आला. कुणातरी भल्या माणसानं पाण्याचा तांब्या आत पाठवला.

काकू पाणी प्यायल्या. डोळे पुसले. जावेला हाताला धरून शेजारी बसवून घेतलं.

"दार लोट," त्या मला म्हणाल्या, "अन् पहिल्यापासून कर."