काळ्या बोक्याची नोकरी

पेडण्यात एका खोलीत बसून गुवाहाटीपासून जोधपुरापर्यंतच्या पोरांना हुकूम सोडणारा, आणि तो निमूट पाळायला लावणारा माणूस अख्ख्या गोव्यात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहे. घरात त्याचं मांजरसुद्धा ऐकत नसे. पण दुपारी जेवून सगळं पेडणे आडवं झालं, की हा कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि ‘काळो बोको’ या नावाने ऑनलाइन लढाईत उतरायचा. त्या लढायांचे व्हिडिओ तो इंटरनेटवर टाकी, आणि ते बघणारे लोक आमच्या जत्रेला जमतात त्याहून जास्त असत.

खेळ सुरू करण्याआधी तो डोळे मिटून गाऱ्हाणं घालायचा. आमच्याकडे नारळ ठेवून देवाला घालतात तसं, अगदी त्याच सुरात. “बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां लढायेक भायर सरली आसत. तेंचो नेट तुटाक दिव नको, लाइट जावक दिव नको. जो कोण आडो येयत तेका उताणो पाड रे म्हाराजा!” यावर त्याची सगळी पलटण ‘होय म्हाराजा!’ म्हणून ओरडे. त्यातल्या एकालाही आपण काय म्हणतोय ते कळत नव्हतं. पण म्हटल्याशिवाय बंदुकीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्याच्या आवाजाने सासूबाईंची डुलकी मोडायची. “ह्या घरात देवाचा नाव घेतत काय माणसां मारतत?” असं त्या आतून विचारत.

या छंदाने त्याच्या हाताशी आलेल्या नोकऱ्या मात्र घालवल्या. म्हापशाच्या एका साहेबाने मुलाखतीत छंद विचारला, तर वाचन म्हणून मोकळं व्हायचं सोडून याने खरं ते सांगितलं. दुसऱ्याने त्याचे व्हिडिओ उघडले आणि त्यातल्या शिव्या ऐकून चहासुद्धा विचारला नाही. शेवटी सासूबाईंनी निर्वाणीचं बजावलं, की आता आलेली मोपाच्या विमानतळावरची मुलाखत हुकली तर वास्कोच्या मामाच्या ओळखीने बोटीवर नोकरीला जायचं. खरं तर त्यांनाच ते नको होतं, कारण बोटीवर गेलेला मुलगा वर्षाकाठी पाहुण्यासारखा घरी येतो हे त्यांनी भावाच्या बाबतीत पाहिलं होतं. मी त्याला म्हटलं, निदान ते व्हिडिओ तरी काढून टाक. तो शांतपणे म्हणाला, “भावजी, मी लपान रवलंय आनी माझ्या नावान दुसरोच कोण नोकरेक लागलो, तर फाल्यां कामाक कोण जातलो?”

मुलाखत कॉम्प्युटरवरच होती. तीच खुर्ची, तेच हेडफोन, फक्त आवाज खोलीत ऐकू येईल असा मी ठेवायला लावला होता. समोर पडद्यावर एक बाई आणि दोन साहेब. मी भिंतीला टेकून उभा, सासूबाई दाराआड. बाई हिंदीत म्हणाल्या, चला, सुरू करू या. आणि याने सवयीने डोळे मिटले. “बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां मुलाखतीक बसली आसत. समोरच्यांक बरी बुद्धी दी. जो कोण आडो येयत तेका—” इथे तो दचकून थांबला. पण कानावर गाऱ्हाणं पडलं की साद द्यायचीच, हे सासूबाईंच्या अंगात जन्मापासून मुरलेलं. दाराआडून खणखणीत आवाज आला, “होय म्हाराजा!”

पडद्यावरच्या बाई पोट धरून हसल्या आणि हे काय म्हणून विचारू लागल्या. तो म्हणाला, कामाला लागण्याआधी काय काय बिघडू शकतं ते सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायचं आणि सगळ्यांनी होय म्हणायचं, म्हणजे मागाहून कुणी मला ठाऊक नव्हतं म्हणत नाही. बाईंचं हसू थांबलं. विमान सुटण्याआधी आम्हीही हेच करतो, त्या म्हणाल्या. मग एक साहेब म्हणाले, तुमचे व्हिडिओ पाहिले, शिव्या फार देता. “जिंकल्यावर देतो,” हा म्हणाला, “हरलेल्या दिवशी कुणाला एक शब्द बोलत नाही.” साहेबांनी मान डोलावली, हेही त्यांनी पाहिलं होतं म्हणे.

नोकरी लागली. धावपट्टीलगत सामानाच्या गाड्या हाकणाऱ्या माणसांना वायरलेसवरून सांभाळायचं काम. सासूबाईंनी देवळात नारळ ठेवला आणि मुलगा घरी राहिला. पण रुजू होताना कळलं, की तिथल्या माणसांना असे खेळाचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकता येत नाहीत. ज्यांच्यामुळे त्याला निवडलं तेच बंद करायचे होते. त्याने कुरकुर केली नाही. एका दुपारी पलटणीला एकत्र बोलावून सांगून टाकलं, की काळो बोको आता संपला. मग एका पोराने अडखळत विचारलं, भाई, इतकी वर्षं झाली, तुमचं खरं नाव काय? याने बापाच्या नावासकट, गावासकट सगळं सांगितलं. पलीकडे एकेक जण ते नाव हळूहळू म्हणून बघू लागला, प्रत्येकाचा उच्चार वेगळा आणि चुकलेला, आणि हा मान खाली घालून ऐकत राहिला.