बिहीचा वाईट समुद्र

बिहीने चाळीस वर्षं मोरोक्कोत अगादीरच्या उत्तरेला तारली मारली, पण त्याला पोहता येत नव्हतं. समुद्र खवळला की होड्या वर ओढायच्या आणि घरी बसून पुदिन्याच्या चहाबरोबर त्याला शिव्या घालायच्या, एवढं कळणाऱ्याला पोहायची गरज काय?

पुढे गुडघे गेले. होडी धाकट्या भावाकडे, मोहाकडे गेली. मुलीने, तूदाने, घरावर चार खोल्या चढवल्या आणि सर्फिंगला येणारे गोरे पाहुणे ठेवायला सुरुवात केली.

"बाबा, समुद्र तुमच्याइतका कुणाला कळतो? रोज सकाळी पाहुण्यांना तेवढं सांगत जा."

पहिल्या दिवशी पाणी तेलासारखं निवांत होतं. बिही म्हणाला, "उत्तम!" पाहुणे हातातली जवाची भाकरी टाकून फळ्या घेऊन पळाले आणि दुपारी उन्हात भाजून, तोंडं पाडून परतले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "वाईट. पायसुद्धा बुडवू नका." ते पत्ते खेळत बसले. संध्याकाळी कळलं, महिन्यातल्या सगळ्यात झकास लाटा त्याच दिवशी होत्या.

"बाबा, यांना वाईट समुद्रच लागतो!"

"यांना घरी कुणी बोलत नाही?"

"घरच्यांना घेऊनच येतात."

मग बिहीने शब्द उलटे केले. खवळलेल्या पाण्याला 'उत्तम' म्हणताना जीभ अडखळायची, पण त्याचं नाव झालं. पाहुणे त्याचे फोटो काढू लागले. तूदाही हा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगायची.

जानेवारीत एका सकाळी पाण्याला असा रंग चढला, की बिही चहा तसाच टाकून उठला. पाण्याची ओढ थेट खडकांकडे होती. तूदा बाजारात गेली होती. उलटंसुलटं सगळं विसरून तो ओरडला, "वाईट! फार वाईट!"

किस्सा ऐकलेल्या फेना नावाच्या डच बाईला वाटलं, म्हातारा जुन्या सवयीने चुकला. तिने डोळा मारला आणि फळी उचलून गेली.

थोड्या वेळाने गच्चीवरून बिहीला तिची केशरी फळी खडकांपलीकडे वाहताना दिसली. तो लंगडत धक्क्यावर धावला.

"दादा, तू कशाला? तुला पोहता येत नाही," मोहा म्हणाला.

"तुला येतं? इंजिन लाव!"

बिही लाटांमधली फट हेरत राहिला. "थांब... थांब... आता घाल!" फळीला लोंबकळणाऱ्या फेनाला दोघांनी जाळं ओढावं तसं आत ओढलं. किनाऱ्यापर्यंत बिही तिला एकापेक्षा एक शिव्या हासडत होता. ते आशीर्वाद समजून ती छातीवर हात ठेवून मान लववत होती.

संध्याकाळी तूदाने फेनाचं बोलणं समजावून सांगितलं. "ती म्हणते, एवढा सुंदर समुद्र तिने जन्मात पाहिला नाही."

बिहीने कपाळाला हात लावला. त्यानंतर त्याने समुद्राला चांगलं-वाईट म्हणणंच सोडलं. पाण्यात जाण्यासारखं नसेल त्या दिवशी तो फळ्यांच्या खोलीला कुलूप घालतो, किल्ली खिशात टाकतो आणि कुरकुरणाऱ्या पाहुण्यांना तारली साफ करायला बसवतो.