साखरपुड्यात माझी गिटार

जनवाडा ही माझी सासुरवाडी. पण मेहुणीच्या साखरपुड्यापासून मी तिथं शक्यतो फोनवरच जातो.

नौबादला माझं फरशांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसताना (म्हणजे बराच वेळ) मोबाइलवर बघून बघून मी इलेक्ट्रिक गिटार शिकलो. दोन वर्षांत एक अख्खी धून बसली आणि अर्धवट शिकलेल्याला चढते ती मस्ती मला चढली. तेवढ्यात धाकट्या मेहुणीचा, अश्विनीचा साखरपुडा ठरला. मुलगा करजगीचा, घराणं मोठं, माणसं मोजकं बोलणारी. बायकोनं बजावलं, आहेर करा, जेवा आणि गप बसा. मी परस्पर सासऱ्यांना कळवून टाकलं की पाहुण्यांसाठी जावई गिटार वाजवणार. जावयाला नाही म्हणायची सोय नसते, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

दुपारी मांडवात मल्लू अण्णा माइक-स्पीकर जोडत होते. पायात झिजलेली स्लीपर, कानावर विडी. ह्या माणसाला आवाजातलं काय कळतंय, असं मनाशी म्हणत मी माझा अँप्लिफायरचा डबा स्टेजवर ठेवला आणि सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली.

"दाजी, आवाज कमी ठेवा," अण्णा म्हणाले. "न्हाईतर शिट्टी मारतंय ते."

मी त्यांना इंग्रजी शब्द पेरत पाच मिनिटं शिकवलं. ते प्रत्येक वाक्याला 'व्हय' म्हणाले आणि लांब जाऊन बसले.

अंगठ्या घालून झाल्या. मी गिटार गळ्यात अडकवली आणि डब्याकडं तोंड करून उभा राहिलो, कारण करजगीकरांच्या तोंडाकडं बघून वाजवायची छाती नव्हती. तारेला बोट लागायच्या आत डब्यातून 'कुंईंईं' निघालं. कुत्र्याचं शेपूट दारात चेंगरावं तसं! तारांचा आवाज डब्यातून बाहेर यायचा, परत तारांत शिरायचा, तिथून दुप्पट होऊन पुन्हा डब्यात. मी बिघाड शोधायला डब्याच्या आणखी जवळ गेलो. (हो, जवळ.) किंकाळी अशी वाढली की लेकरं रडायला लागली आणि विधीला आलेल्या स्वामींनी आशीर्वादाचा मंत्र अर्धवट सोडला.

पुढच्या रांगेत नवऱ्या मुलाचे आजोबा, अप्पा, बसले होते. त्यांच्या कानात ऐकायचं यंत्र. त्यांना वाटलं, आपलंच यंत्र बिघडलं. त्यांनी ते काढलं, खुर्चीवर आपटलं, आणि आतली ज्वारीच्या दाण्याएवढी बॅटरी उडून पेढ्यांच्या ताटात पडली. झालं! कुणी गिळू नये म्हणून करजगीच्या बायका एकेक पेढा फोडून बघू लागल्या. मुलाचे वडील सासऱ्यांना विचारत होते की जावयांना बरं नाही का. सासूबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या. सोयरीक मोडतीय असंच त्यांनी धरलं होतं. अश्विनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, ती मी अजून विसरलेलो नाही. आणि मी? दोन्ही हातांनी गिटार वर उचलून धरली होती, जणू किंकाळी जमिनीतून येत होती.

शेवटी बॅटरी सापडली. अप्पांनी ती यंत्रात बसवली, यंत्र कानात घातलं आणि ते काठी टेकत स्टेजवर आले.

"आवाज वाढवला की माझं यंत्र बी असंच वरडतंय," ते शांतपणे म्हणाले. "तुमी तर डब्याच्या तोंडातच उभारलाव. बाजूला सरका, बटण खाली करा, तारांवर हात ठिवा."

मी तारांवर तळवा ठेवला. किंकाळी त्या क्षणी थांबली. डब्यापासून चार पावलं बाजूला सरलो, आवाज निम्म्यावर आणला. दोन वर्षांत मोबाइलनं जे सांगितलं नव्हतं, ते अप्पांनी तीन वाक्यांत सांगितलं.

अप्पा म्हणाले, आता वाजवा. सोयरीक वाचवायची हीच संधी, म्हणून मी अख्खी धून वाजवली. शिट्टी नाही, खरखर नाही, एकेक सूर मांडवभर स्वच्छ ऐकू गेला. संपल्यावर कुणीच टाळी वाजवली नाही.

अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दाजी, डबा चांगलाय," ते म्हणाले. "बिघाड डब्यात न्हाई."

करजगीकर हसले, सासूबाई हसल्या, सोयरीक पक्की झाली. सगळ्यात शेवटपर्यंत हसत होती ती माझी बायको.