बदकाची गोष्ट सांगणाऱ्या सिस्टर

सिस्टरांनी मोबाइल पर्समध्ये टाकायचा, चेन ओढायची, दोन्ही हात मोकळे करायचे आणि म्हणायचं, "तं मंग दखा, काय व्हयनं!" एवढं झालं की आमच्या काळीपिवळी जीपमध्ये कोणी खोकायचंसुद्धा नाही. नंदुरबार ते रनाळे, रोजचं आमचं अपडाउन. त्या तिथल्या दवाखान्यात सिस्टर, मी शाळेत मराठीचा मास्तर.

तुमच्याही गाडीत असं एखादं माणूस असेल. नसेल तर सुखी आहात. त्या यायच्या आधी गाडीत मी बोलायचो. दिवाळी अंकांत माझ्या दोन कथा छापून आल्यात, म्हणून ड्रायव्हरशेजारची सीट मला राखलेली असायची. सिस्टर आल्या आणि पंधरा दिवसांत ती सीट त्यांची झाली. मी मागे, स्टेपनीवर पाय ठेवून.

त्या मोबाइलवर एक चिनी कादंबरी वाचायच्या, हिंदीत उतरवलेली, आणि रोज एक भाग आम्हाला सांगायच्या. एका गर्विष्ठ देवाला शाप असतो, खोटं बोलला की बदक व्हायचं. डोंगराखाली खाणावळ चालवणाऱ्या पोरीवर त्याचा जीव जडतो. ती विचारते, "मी आवडते का तुम्हाला?" देव म्हणतो, "छे!" आणि लगेच बदक! सगळी गाडी खो खो हसायची. ड्रायव्हर तर भाग संपावा म्हणून गाडी हळू हाकायचा.

"असल्या कादंबऱ्यांत दम नसतो," मी मागून म्हणायचो.

"सर, पहिले वाची ल्या, मंग नावं ठेवा."

एकदा त्या रजेवर होत्या. संधी साधून मी माझी छापील कथा वाचून दाखवली. त्या दिवशी आम्ही रनाळ्याला दहा मिनिटं आधी पोचलो. खरं सांगतो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग दिवाळीच्या सुट्टीत ती कादंबरी मी पेपर तपासावा तशी वाचून काढली. बदकाची कल्पना झकास, पोरगी फटकळ आणि गोड. पण पाणी किती घातलंय! सगळे गुरू एकाच छापाचे, मारामाऱ्या संपता संपत नाहीत, पोरीची स्मृती तीनदा जाते आणि शेवट घाईघाईत उरकलाय. मी खूश झालो. आणि मग लक्षात आलं की एक गोष्ट त्यात नाहीच. सिस्टरांच्या गोष्टीत देव "छे!" म्हणून बदक झाल्यावर ती पोर त्याच्यापुढे मूठभर दाणे टाकते आणि हळूच म्हणते, "बरं. कळलं मला." त्या वाक्याला मीसुद्धा खिडकीबाहेर बघत डोळे पुसले होते. पुस्तकात तिथे दीड पान नुसतं चांदणं. आम्ही ज्याला ज्याला हसलो होतो, त्यातलं निम्मं पुस्तकात नव्हतं.

सुट्टी संपल्यावर स्टँडवर त्यांना गाठलं. "सिस्टर, ते दाणे पुस्तकात नाहीत."

त्यांचा चेहरा उतरला. "सर, कोणले सांगू नका. चिनी शे म्हणीसन ऐकतस. मन्हं शे म्हणसू तं कोण ऐकी?"

त्याच वेळी म्हणायला हवं होतं, बाई, तुम्ही माझ्यापेक्षा फार चांगल्या लेखिका आहात. जीभच वळली नाही हो! "नाही सांगत," एवढंच म्हणालो आणि मागे जाऊन बसलो.

पुढे त्यांची विसरवाडीकडे बदली झाली. गोष्ट अर्धी राहिली. पुढची सीट परत माझी झाली. एके दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "सर, तुम्हीन वाचेल शे ना? बदकनं पुढे काय व्हयनं?"

मी पुस्तकातला शेवट सांगितला. कोणी हसलं नाही. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "अरे, तुम्ही ऐकत होता ते चिनी नव्हतंच. सिस्टर मनानं रचायच्या."

"ते आमले पहिलेपासून माहीत शे," तो म्हणाला. "चीनमा कोठे खाणावळमा दादर ज्वारीनी भाकर नि ठेचा भेटस?"

"मग तुमचंच ऐकायला आवडतं, हे त्यांना सांगितलं का नाही कोणी?"

"आमले काय समजस, सर? लिखणारा तुम्ही. तुम्हीन सांगाले पाहिजे व्हतं."

सिस्टरांचा नंबर माझ्याकडे आहे. रोज काढतो, बघतो. अजून लावलेला नाही.